सारखी सर्दी होते? आधी आपला दिवस तपासा

मैत्रिणींनो, आमच्या शाळेत मुलांनी मला एक नाव ठेवले होते. ते नाव मला कळू नये अशी त्यांची फार खटपट होती, पण चौथीच्या वर्गात गुपित टिकते थोडेच! एका चिमुरडीने मधल्या सुट्टीत येऊन सांगितले, "बाई, तुम्हांला सगळे शिंकबाई म्हणतात." मी हसले आणि हसता हसता दोनदा शिंकले.

नाव खोटे नव्हते. जूनपासून सुरू झालेली माझी सर्दी होळीपर्यंत या ना त्या रूपाने मुक्कामाला असायची. आठ दिवस नाक गळायचे, आठ दिवस चोंदायचे, मग घसा धरायचा आणि चार दिवस बरे गेले की पुन्हा पहिला पाढा. त्यात थंडी सोसायची नाही. आमच्या भाईंदरला कसली आली आहे थंडी! पण घरात सगळे पंख्याखाली बसलेले असताना मी एकटी शाल गुंडाळून. गाडीत दाराशी उभे राहायची तर सोयच नव्हती. वसईच्या खाडीवरचा वारा कानात शिरला, की संध्याकाळी डोके धरलेच म्हणून समजा.

तुमच्यापैकी कितीजणींचे असे होत असेल! आणि तुम्हीही माझ्यासारखेच म्हणत असाल, "माझी प्रकृतीच थंडीची, त्याला काय करायचं?" तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

सगळे करून झाले होते

या सर्दीवर मी काय काय केले, ते ऐका. औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या. त्यांनी नाक थांबे, पण दिवसभर झोप येई. नाकात घालायचे थेंब आणले. दोन मिनिटांत नाक मोकळे होई, म्हणून मी ते महिनाभर वापरले. मग अशी वेळ आली, की थेंब घातल्याशिवाय नाक उघडेचना. पुढे डॉक्टरांकडून कळले, की असे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते.

मग २०२० साल आले. करोनाच्या त्या दिवसांत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी यांचा काढा सुचवला आणि घरोघरी पातेली चढली. आमच्याकडे तर सकाळ, दुपार, संध्याकाळ काढा. "चार मिऱ्यांनी गुण येतो, तर आठांनी दुप्पट येईल," हा माझा हिशेब. सर्दी राहिली तिथेच, वर छातीत जळजळ आणि तोंडात फोड. पी हळद आणि हो गोरी, अशातली गत!

शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, केबिन रोडला एक वैद्यबाई आहेत. एकदा दाखवा तरी."

वैद्यबाईंचे प्रश्न

भाईंदर पूर्वेचा आमचा हा केबिन रोड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना सांगायला नको. रिक्षा, भाजीच्या गाड्या, शाळेची मुले, स्टेशनकडे धावणारी माणसे आणि बारा महिने उडणारी धूळ. त्या गर्दीतून जिना चढून मी दवाखान्यात गेले. मला वाटले होते, नाडी पाहतील, पुड्या देतील आणि दही बंद करा म्हणतील. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग माझ्या नाकाबद्दल दोन आणि माझ्या दिवसाबद्दल वीस प्रश्न विचारले.

"उठता किती वाजता?"

"साडेचारला. आमच्या इमारतीत पाणी पहाटे येतं."

"झोपता?"

"साडेअकरा, कधी बारा."

"दुपारी जेवता कधी?"

इथे मी जरा अडखळले. शाळा सुटून साडेबाराला घरी यायचे, मुलांना वाढायचे, सासूबाईंचे पथ्याचे ताट, मग कपडे, भांडी. "अडीच-तीन होतात," मी म्हणाले.

"आणि जेवता काय?"

"असेल ते. सकाळचा भात उरलेला असतो. फ्रीजमधलं दही घालते."

"मग?"

"मग जरा पडते. चारला शिकवणीची मुलं येतात."

"केस कधी धुता?"

"गुरुवारी पहाटे. ओलेच बांधून शाळेत जाते."

"शाळेत पाणी पिता? लघवीला जाता?"

"तास चालू असताना कुठं जमतं? म्हणून पाणीच पीत नाही."

वैद्यबाई लिहीत होत्या. वर न बघता त्यांनी विचारले, "गेल्या वर्षभरात घरात काही झालं का?"

मी सांगितले, की वैशाखात माझे वडील गेले. माझे माहेर सांगोल्याचे. तेरावे आटोपून मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, कारण इकडे सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते.

"रडलात का?" त्यांनी विचारले.

मैत्रिणींनो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. कारण खरे उत्तर होते, "वेळच मिळाला नाही."

ग्रंथात काय सांगितले आहे?

वैद्यबाईंनी मग कपाटातून डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचे 'सार्थ वाग्भट' काढले. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचे हे मराठी भाषांतर अनेक जुन्या घरांतून असते. सर्दीला आयुर्वेदात प्रतिश्याय म्हणतात आणि तिची कारणे तिथे एकापाठोपाठ एक दिली आहेत. दव आणि वारा, धूळ, फार बोलणे, फार झोपणे आणि फार जागणे, उशी फार उंच किंवा फार सखल असणे, परक्या ठिकाणचे पाणी पिणे, पाणी अति पिणे आणि आलेले अश्रू अडवणे! चरकसंहितेतही अशीच यादी आहे. तिच्यात मलमूत्राचे वेग अडवणे, अजीर्ण, धूर आणि राग यांचीही भर आहे.

मी यादी वाचली आणि गप्पच झाले. धूळ म्हणजे केबिन रोडची आणि खडूची. फार बोलणे म्हणजे पाच तास शिकवणे. जागरण होतेच. वेग अडवणे होते. अश्रूही होते. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराने जणू माझेच वेळापत्रक लिहून ठेवले होते.

त्याहून गंमत म्हणजे, अडवलेल्या अश्रूंवर वाग्भटाने जे उपाय सांगितले आहेत, त्यांत झोप आहे आणि आवडत्या माणसांशी गोड गप्पा आहेत. काढ्याचे नाव नाही.

आता मी बी. ए. झालेली, सहजासहजी मान डोलावणारी नव्हे. मी म्हटले, "पण बाई, सर्दी विषाणूनं होते ना?"

"होते ना! विषाणू तुमच्या वर्गातल्या चाळीस मुलांकडून रोजच येतो. मग बाकीच्या शिक्षिका रोज का शिंकत नाहीत? बी वाऱ्यावर येतं, पण ते रुजायचं की नाही, ते जमीन ठरवते."

पुढे मी जरा शोध घेतला, तर परदेशातही याचा विचार झालेला आहे. शेल्डन कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू घातले. ज्यांच्या मनावर ताण जास्त, त्यांना सर्दी जास्त झाली. हे संशोधन १९९१ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१५ साली त्यांच्याच गटाने १६४ जणांची झोप मोजून तसाच प्रयोग केला. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट निघाला. मी पाच तासांच्या आत झोपणारी! काढ्याने काय होणार होते?

भाईंदरची हवा आणि माझे पोट

आणखी एक गोष्ट वैद्यबाईंनी समजावली. आयुर्वेदात प्रदेशाचेही प्रकार केले आहेत. कोरडा, झाडी कमी असलेला तो जांगल देश. पाणथळ, दमट तो आनूप देश. सांगोला म्हणजे जांगल. तिथे वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत. भाईंदर खाडीच्या काठी, मिठागरांच्या शेजारी वसलेले, म्हणजे पक्के आनूप. अशा हवेत कफ सहज वाढतो. माहेरी जे खाऊन पचत होते, ते इथे पावसाळ्यात पचेलच असे नाही.

आणि कफ वाढायला मदत कोण करत होते? मीच. भूक मरून गेल्यावर तीनला जेवायचे, तेही गार आणि शिळे, त्यावर दही आणि त्यावर दुपारची झोप. आयुर्वेद म्हणतो, दिवसा झोपावे ते फक्त उन्हाळ्यात, एरवी त्याने कफ वाढतो. पोटातला अग्नी मंद झाला, की अन्न नीट पचत नाही आणि न पचलेल्या अन्नाचा 'आम' होतो. मग वर नाकात कितीही औषध घाला, ते म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

पण उठताना वैद्यबाईंनी एक चिठ्ठी दिली. त्यावर औषधाचे नाव नव्हते. लिहिले होते: हिमोग्लोबिन, थायरॉईड.

"नखं आणि डोळ्यांच्या आतल्या पापण्या पांढऱ्या दिसतात. हे आधी करून या. नुसत्या सर्दीला मी पुडी देईन, पण थंडी का वाजते ते कळल्याशिवाय नाही," त्या म्हणाल्या.

थंडीची 'प्रकृती' की आजार?

माझे हिमोग्लोबिन निघाले ८.६. बाईमाणसाचे ते किमान बारा असावे लागते. थायरॉईड ठीक होते. रक्तातले लोह कमी झाले, की दम लागतो, थकवा येतो हे आपल्याला ठाऊक असते. पण अंगातली ऊब राखण्याची शक्तीही त्याने कमी होते, हे मला माहीत नव्हते. मी जिला माझी प्रकृती म्हणत होते, ते साधे रक्त कमी असणे होते. आयुर्वेदात याला पांडुरोग म्हणतात.

आणि यात मी काही एकटी नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे जिन्यात भेटणाऱ्या दोघींपैकी एकीला! शेवटी उरलेले खायचे, पाळी जास्त जात असली तरी बोलायचे नाही आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा, असे आपले चाललेले असते. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळले तर ते चांगले लागते. एवढे साधे आपल्याला कुणी सांगतच नाही. वैद्यबाईंनी मला सरळ डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घ्यायला लावल्या. "इथं माझं-तुझं करायचं नाही, रक्त भरून यायला हवं," असे त्यांचे म्हणणे.

घरातली बैठक

आता खरी परीक्षा. गोळी गिळायला एक मिनिट लागते. दिवस बदलायचा तर घरातले सगळेच हलावे लागतात.

रविवारी दुपारी मी विषय काढला. म्हटले, "उद्यापासून मी साडेबाराला मुलांबरोबरच जेवणार. कपडे नंतर. रात्रीचं जेवण साडेआठला, आणि सव्वादहाला मी झोपणार."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नाही बाई कुणी विचारलं, तू कधी जेवलीस म्हणून."

हे वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "आणि पाणी?"

"एक दिवस तुम्ही भरा, एक दिवस मी."

घरात शांतता पसरली. हे चर्चगेटला जाणारे, सहा-दहाची गाडी पकडणारे. त्यांनाही झोप हवीच. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी चिठ्ठीवरचा ८.६ चा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "बरं. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे."

सुरुवातीला तीनदा त्यांचा गजर वाजून बंद झाला आणि दोनदा आमच्याकडे पाणी भरले गेले नाही. मी उठले नाही. उठावेसे फार वाटले, पण उठले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पाणी भरले जाऊ लागले.

सासूबाईंचा राग मात्र महिनाभर टिकला. त्याही बिचाऱ्या ऐन मे महिन्यात स्वेटर घालणाऱ्या. एके दिवशी मी त्यांना म्हटले, "आई, तुम्हांलाही सारखी थंडी वाजते. एकदा रक्त तपासू या का?" त्या नको-नको म्हणत आल्या. त्यांचा थायरॉईड चांगलाच मंदावलेला निघाला. बद्धकोष्ठ, केस गळणे, अंग जड होणे, थंडी न सोसणे या साऱ्याला त्या "वय झालं" म्हणत होत्या. आज रोज सकाळी रिकाम्या पोटी त्या गोळी घेतात आणि स्वेटर कपाटात गेला आहे.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून परत येताना त्या रिक्षात एकदम म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा मलाही कुणी रडू दिलं नव्हतं गं. लेकराला दूध उतरायचं नाही म्हणाले." मग त्यांनी त्यांच्या वडिलांचे सांगितले, मी माझ्या. माझे बाबा डाळिंबाच्या बागेतले पहिले फळ फोडून अर्धे मला कसे द्यायचे, ते सांगता सांगता माझा बांध फुटला. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटले.

घरचे उपाय, बेताने

आता तुम्ही म्हणाल, दिवस बदलू हो, पण आज नाक गळते आहे त्याचे काय? वैद्यबाईंनी सांगितलेले आणि मी करून पाहिलेले हे साधे उपाय.

सुंठीचे पाणी: एक लिटर पाण्यात अर्धा चमचा सुंठपूड घालून पाऊण लिटर होईपर्यंत उकळावे. गाळून थर्मासमध्ये भरावे आणि दिवसभर कोमट घोट घोट घ्यावे. मी हे शाळेत नेते. सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस हलके जेवण आणि हे पाणी, एवढ्याने बरेच काम होते. मुगाचे कढण, भाताची पेज, ज्वारीची गरम भाकरी खावी. दही, केळे, फ्रीजमधले गार आणि तळलेले पदार्थ चार दिवस बाजूला ठेवावेत.

काढा: दोन कप पाण्यात तुळशीची पाच-सहा पाने, बोटाच्या पेराएवढे आले, दोन मिरी ठेचून आणि गवती चहाचे एक पाते घालून एक कप उरवावा. चवीला गूळ. दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस, बस्स. पित्ताचा त्रास असेल तर मिरी गाळावी. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून भरमसाट घालू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तो टाळावाच.

सितोपलादी चूर्ण: खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी यांचे हे चूर्ण. खोकल्यासाठी पाव ते अर्धा चमचा मधातून चाटावे. पण त्यात निम्म्याहून जास्त खडीसाखर असते, हे मधुमेह असणाऱ्यांनी विसरू नये.

ओव्याची पुरचुंडी: तव्यावर ओवा भाजून फडक्यात बांधावा आणि हुंगावा, कपाळ शेकावे. मुलांना शेकताना आधी आपल्या मनगटावर लावून पाहावी.

वाफारा: मोठ्यांनी घ्यावा, भांडे टेबलावर घट्ट ठेवून. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. क्षणात पातेले कलंडते आणि सर्दीपायी मूल भाजते.

नाकात तूप-तेल: सर्दी नसताना रोज सकाळी करंगळी तिळाच्या तेलात किंवा तुपात बुडवून नाकपुड्यांच्या आत फिरवावी. धुळीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना याचा उपयोग होतो. नाक जोरात वाहत असताना मात्र हे करू नये. नाकात औषधी तेल सोडण्याचे नस्य वैद्याकडूनच करून घ्यावे.

अंगाला तेल: थंडीत तिळाचे कोमट तेल लावून गरम पाण्याने अंघोळ करावी. सर्दी-ताप असताना किंवा अजीर्ण झाले असताना तेल लावू नये.

हे मात्र करू नका

तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही नको. कापूर लहान मुलांच्या नाकाला लावू नका आणि तो त्यांच्या हाताला लागेल असा ठेवूही नका. त्यांच्या पोटात गेला तर ते विष आहे. आणि उकळत्या काढ्यात मध घालू नका. मध तापवू नये, हे आयुर्वेदाचेच सांगणे आहे.

'झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय थोडाच होतो?' हा समज सोडा. करोनाच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या मुंबईतल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे २०२१ साली तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. वाद विद्वानांनी घालावा. आपण एवढेच धरून चालावे, की जे औषध आहे ते मापाने आणि विचारून घ्यायचे. रसभस्मांची औषधे तर दुकानातून परस्पर आणूच नयेत.

आणि साध्या सर्दीला प्रतिजैविकांच्या गोळ्यांची घाई करू नये. विषाणूंवर त्यांचा काही उपयोग नसतो. सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण उतरते. मात्र ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, दम लागला, छातीत घरघर झाली, कान किंवा गाल ठणकू लागला, किंवा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर काढ्यावर बसू नका, डॉक्टरांकडे जा. रोज सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागत असेल, तर ती सर्दी नसून धुळीची, ओलीची किंवा झुरळांची ॲलर्जीही असू शकते. गाद्या-उशांना ऊन दाखवा, भिंतीची ओल काढून घ्या.

ऋतू पाहून ताट वाढा

आपल्या किनारपट्टीच्या गावांना एवढे पुरे. पावसाळ्यात भूक मंद असते, म्हणून जेवण हलके, ताजे आणि गरम असावे. जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ लावून चघळावा. थंडीत भूक चांगली लागते. तेव्हा तीळ, गूळ, बाजरी, तूप यांना नाही म्हणू नये. रक्त कमी असणाऱ्यांनी अळीव, पालेभाज्या आणि कडधान्ये यांना विसरू नये. थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, असे वाग्भट म्हणतो. होळी-पाडव्याच्या सुमारास घरोघरी नाके का गळतात, ते आता ध्यानात आले ना? वसंतात दही खाऊ नये आणि रात्री तर कधीच खाऊ नये, असेही तो सांगतो. आणि आपण नेमके पाडव्याला श्रीखंड करतो! मी करते, पण दुपारी, वाटीभर. आधी कडुलिंबाची चटणी खाऊन.

आता कसे आहे?

मला सर्दी होतच नाही, असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवू नका. गेल्या वर्षी दोनदा झाली, एकदा चांगली आठ दिवस. पण जूनपासून होळीपर्यंतचा तिचा मुक्काम उठला. हिमोग्लोबिन सहा महिन्यांत ११.८ वर आले. केस आता रविवारी दुपारी उन्हात वाळवते. ओल्या केसांनी विषाणू येत नाहीत हे खरे, पण माझे डोके दुखायचे थांबले हेही खरे. शाळेत दोन तासांच्या मध्ये मी पाणी पिते आणि जायचे तिथे जाऊन येते. वर्ग पाच मिनिटे गोंगाट करतो, करू दे.

तुम्हांला वैद्यांचा सल्ला हवा असेल आणि खर्चाची काळजी असेल, तर वरळीला पोदार आयुर्वेद महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. तुमच्या गावातही असे एखादे असेल, चौकशी करा.

पण त्याआधी आज रात्री एक काम करा. वहीचे एक पान घ्या आणि लिहा: मी आज कधी उठले, कधी जेवले, काय जेवले, ताजे की उरलेले, कधी झोपले, कितीदा 'नंतर जाईन' म्हणून थांबले. हातासरशी हेही लिहा, की रक्त शेवटचे कधी तपासले होते. ते पान घरातल्या सगळ्यांना दिसेल असे फ्रीजवर लावा.

आमच्या फ्रीजवर अजून आहे. त्याच्या खाली ह्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: मंगळ, गुरू, शनी – पाणी.